वापरलेलं मॅच एअर पिस्तूल घेताना: नागपुरातल्या शूटर आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं दोन कांस्यपदकं आणली, त्यातलं एक सरबज्योत सिंगच्या जोडीनं. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये तिसरं पदक आणलं. त्यानंतर आमच्या रेंजवर पालकांची ये-जा वाढली. मूल दोन-तीन महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकतं, चांगलं मारू लागतं, आणि मग घरात विषय निघतो की स्वतःचं घ्यायचं का. नवं परवडत नाही, म्हणून वापरलेलं. पुढचे प्रश्न रेंजवर, फोनवर आणि चहाच्या टपरीवर मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेत. उत्तरं देताना मी स्वतः घेतलेली, विकलेली आणि इतरांसाठी तपासलेली पिस्तुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

वापरलेलं मॅच पिस्तूल घेणं शहाणपणाचं आहे का?

हो, आणि हे मी मनापासून सांगतो. १० मीटरच्या स्पर्धेचं (मॅचचं) एअर पिस्तूल दाबलेल्या हवेच्या जोरावर, साधारण दीडशे मीटर प्रतिसेकंद वेगानं अर्ध्या ग्रॅमची मऊ शिशाची गोळी सोडतं. त्यात दारू नाही, उष्णता नाही, मोठा धक्का नाही. पंधरा वर्षं वापरलेल्या पिस्तुलाची नळीसुद्धा बहुतेक वेळा ठणठणीत असते. झिजतात ती रबरी सील, संपते ती पिस्तुलाला लावायच्या हवेच्या सिलिंडरची मुदत, आणि बिघडते ती ग्रिप, कारण आधीच्या माणसानं ती आपल्या हाताप्रमाणे कानशीनं घासलेली असते. या तिन्ही गोष्टी बदलता येतात. बदलायला किती पैसे आणि किती महिने लागतील, हे व्यवहाराच्या आधी कळलं पाहिजे. या सगळ्या पानाचा खटाटोप तेवढ्याचसाठी आहे.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत पळत पळत, अडथळ्यांमागून निशाणे मारणारे शूटर दिसतात. तसलं पिस्तूल इथे वापरलेलं मिळेल का?

तो खेळ प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा हिशेब त्यात एकत्र होतो. खेळ देखणा आहे, मलाही आवडतो. पण त्याच्या नियमात हँडगनला किमान ९ बाय १९ मिलिमीटरचं काडतूस लागतं, आणि भारतात ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर (नळीच्या आतलं माप) आहे, साध्या परवानाधारकाला मिळत नाही. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं .३२ त्या किमान अटीत बसत नाही. म्हणजे दोन्हीकडची दारं एकाच मापाच्या काडतुसावर बंद होतात.

कुणी "वापरलेलं ९ एमएम आहे, मॅचचं आहे, कागद नंतर करून देतो" असं म्हणत असेल, तर तिथून उठा. पिस्तूल हातातही घेऊ नका. शस्त्र कायद्याखाली तो गंभीर गुन्हा आहे आणि अडकाल तुम्ही.

वेगानं मारायची हौस असेल तर पुढे २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल आहे, .२२ चं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते त्याच प्रकारात. त्याला परवाना लागतो. तिथपर्यंतचा नेहमीचा रस्ता १० मीटरवरूनच जातो, म्हणून इथून पुढचं सगळं एअर पिस्तुलाबद्दल.

एअर पिस्तुलाला परवाना लागतो का?

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच पिस्तुलाची ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ते आरामात मर्यादेत बसतं. मात्र ओळखीचा पुरावा देणं-घेणं आणि व्यवहार कागदावर ठेवणं सोडू नका. कागदांचं पुढे वेगळं लिहिलं आहे.

.२२ चं पिस्तूल खासगी माणसाकडून घेणार असाल तर गोष्ट पूर्ण वेगळी. घेणाऱ्याकडे परवाना हवाच, आणि विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्यात लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात. विकणाऱ्याला घाई झाली म्हणून हा काळ कमी होत नाही.

शोधायचं कुठे?

आधी आपल्या रेंजवर. मग राज्य स्पर्धेच्या वेळी. महाराष्ट्रभरचे शूटर एकत्र येतात, त्या दिवसांत निम्मी पिस्तुलं हात बदलतात. कुणी बारावीसाठी खेळ सोडतं, कुणी रायफलकडे वळतं, कुणाला नोकरीत वेळ मिळत नाही. पुण्याला बालेवाडीत किंवा मुंबईला वरळीत स्पर्धेसाठी जाल, तेव्हा सिलिंडर भरायच्या रांगेत उभं राहून दोन-चार कोचांच्या कानावर घालून ठेवा. ऑनलाइन जाहिरातीपेक्षा हा रस्ता मी दहापट बरा मानतो, कारण पिस्तूल कसं वापरलं गेलं ते सांगणारी माणसं तिथेच असतात.

एक पथ्य पाळा. कोच स्वतःच विकणारा असेल तर तपासायला दुसरा माणूस न्या. कोच वाईट असतो म्हणून नव्हे. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर संकोच होऊ नये म्हणून.

कोणतं मॉडेल घ्यावं?

स्टायरचं एलपी १०, मोरिनीचं १६२, वॉल्थरचं एलपी ४००, फाइनवेर्कबाऊचं पी ४४, पार्दिनीचं के १२. यांपैकी कशानंही वरच्या पातळीवर खेळता येतं. नावावरून भांडायचं कारण नाही. मी दोनच प्रश्न विचारतो: याचा सिलिंडर आज नवा मिळतो का, आणि याची सील बदलून देणारा माणूस भारतात आहे का? दोन्हींची उत्तरं "हो" आली तर पुढे जायचं. जुनं, बंद झालेलं मॉडेल कितीही सुंदर चालत असलं तरी सिलिंडर मिळत नसेल तर ते कपाटातली शोभेची वस्तू होणार.

आपल्या रेंजवर दोघा-तिघांकडे जे आहे तेच घेण्यात फार सोय असते. मॅचच्या सकाळी ओ-रिंग (सीलची रबरी कडी) गेली तर शेजारच्या डब्यातून मिळते.

सिलिंडरवरची तारीख एवढी महत्त्वाची का?

कारण मी तिथेच फसलो. माझं पहिलं वापरलेलं पिस्तूल मी संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात घेतलं. नेम सरळ जात होता, ट्रिगर लोण्यासारखा होता. सिलिंडरवर कोरलेला महिना आणि साल मी पाहिलंच नाही. पुढच्या स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि सिलिंडर बाजूला काढून ठेवला. मुदत सात महिन्यांपूर्वी संपली होती. एका मित्रानं आपला दुसरा सिलिंडर दिला म्हणून मी त्या दिवशी उभा राहिलो. नंतर नवा सिलिंडर मागवला, आणि स्वस्त वाटलेलं पिस्तूल महागात पडलं.

आंतरराष्ट्रीय नियमात एअर सिलिंडरची जास्तीत जास्त मुदत निर्मितीपासून दहा वर्षं धरतात. कारण साधं आहे. भरलेल्या सिलिंडरमधले २०० बार म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट दाब, आणि तो तुमच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असतो. दर भरण्याला धातू किंचित ताणला जातो, रिकामा होताना सैल पडतो. दहा वर्षांत असं हजारो वेळा होतं. "अजून चालतोय की" हा युक्तिवाद इथे लावू नका.

म्हणून पिस्तूल पाहण्याआधी सिलिंडरच्या तारखेचा फोटो मागवा. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर कारण समजून घ्या. तारीख घासलेली, रंगवलेली किंवा स्टिकरखाली असेल तर तो सिलिंडर शून्य किमतीचा धरा. एका कंपनीचा सिलिंडर दुसऱ्याच्या पिस्तुलाला बसेल असंही समजू नका.

हवा धरते की नाही, कसं तपासायचं?

इथे नागपूरची हवा स्वतःच गोंधळ घालते. डिसेंबरमधली गोष्ट. एका मुलीच्या बाबांनी दुपारी पिस्तूल घेतलं, आणि सकाळी सातला मला फोन: "सर, हवा जाऊन राहिली. रात्रभरात दहा बार उतरले." दुपारी २८ अंश होते, पहाटे १२. बंद सिलिंडरमधला दाब तापमानाबरोबर वर-खाली होतो. सोळा अंशांच्या फरकानं २०० बारचे १९० होतातच. हवा कुठेच गेली नव्हती. दुपारी पुन्हा काटा पाहिला तर जागेवर.

तपासायचं ते असं: सिलिंडर भरल्यावर लगेच आकडा लिहू नका, भरताना तो गरम होतो. तासभर थांबा, मग लिहा. चोवीस तासांनी, त्याच खोलीत, त्याच वेळेला पुन्हा पाहा. पहिल्या रात्री सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवा, दुसऱ्या रात्री काढून ठेवा. काढल्यावरही हवा गेली तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. लावल्यावरच गेली तर पिस्तुलाच्या आतल्या सीलचा. साबणाच्या पाण्याचा थेंब सिलिंडरच्या तोंडाशी लावला की बुडबुडा लगेच दिसतो. विकणारा दोन दिवस पिस्तूल द्यायला तयार नसेल, तर निदान त्याच्याच घरी एक रात्र ठेवून काट्याचे दोन फोटो मागा.

ग्रिप मुलाच्या हाताला मोठी आहे. हात वाढेल ना?

हात वाढेल. तोवर दोन वर्षं तो चुकीच्या पकडीची सवय लावून घेईल, आणि ती मोडायला आणखी दोन वर्षं जातील. मॅच ग्रिप एक्सएस, एस, एम, एल अशा मापांत येतात. डावी-उजवी वेगळी असते. पिस्तूल चांगलं आणि ग्रिप चुकीची असेल तर पिस्तूल घ्या, ग्रिपचे पैसे वेगळे धरा.

बसते की नाही पाहायची रीत सांगतो. मुलाला डोळे मिटायला सांगा. पिस्तूल उचलून नेमाच्या उंचीला आणू द्या, मग डोळे उघडायला सांगा. पुढची साइट (नेम धरायची पट्टी) मागच्या खाचेत आपोआप मध्यावर असेल किंवा केसभर इकडेतिकडे, तर ग्रिप बसते. दर वेळी साइट एकाच बाजूला, समजा डावीकडे पडत असेल आणि मूल मनगट वळवून ती जागेवर आणत असेल, तर ग्रिप बसत नाही. हे दहादा करून पाहा. पहिल्या दोन वेळांना प्रत्येक जण शहाण्यासारखं उभं राहतो.

ट्रिगरवर बोटाचं पेरं सरळ पडतं का, तेही बघा. बोट ताणावं लागत असेल तर ट्रिगर मागे घेता येतो, पण त्यालाही मर्यादा असते.

जुन्या ग्रिपवर लाकडी पुट्टीचे थर चढवलेले असतात. थर काढता येतात, पण मॅचमध्ये अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसावं लागतं. पुट्टीनं फुगलेली ग्रिप ५० मिलिमीटरच्या जाडीलाच अडते. शक्य असेल तर मोजपट्टी घेऊन जा.

डावखुऱ्यासाठी उजव्या हाताचं पिस्तूल चालेल का?

बहुतेक मॉडेलांत ग्रिप बदलली की चालतं. गोळी भरायचा खटका कोणत्या बाजूला आहे तेवढं पाहा. डावी ग्रिप वापरलेली क्वचितच मिळते, ती नवीच मागवावी लागेल असं धरून चला.

ट्रिगर मेकॅनिकल घ्यावा की इलेक्ट्रॉनिक?

दोन्हींवर पदकं आली आहेत. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर काचेची काडी मोडावी तसा सुटतो आणि दर वेळी तसाच सुटतो. मेकॅनिकलमध्ये स्क्रू, स्प्रिंग, झिजणाऱ्या कडा आहेत, पण त्या डोळ्यांना दिसतात आणि जाणत्या हाताला दुरुस्त करता येतात.

वापरलेलं घेताना, पहिलंच पिस्तूल असेल तर माझा कौल मेकॅनिकलला. सर्किटचं वय बाहेरून कळत नाही. टोकियो ऑलिंपिकला पात्रता फेरीच्या मधोमध मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मौल्यवान मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर ती अंतिम फेरीबाहेर राहिली. तिच्यामागे अख्खा संघ आणि सुटे भाग होते, तरी हे झालं. आपल्या मुलामागे आपण आणि एक स्क्रूड्रायव्हर.

कोणताही असो, वजन तपासा. नियमात ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम. नळी वर करून पिस्तूल उभं धरायचं, ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि सावकाश उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. तीनदा करा. पहिल्यांदा टिकून तिसऱ्यांदा सुटणारा ट्रिगर झिजलेला आहे किंवा फारच काठावर लावलेला आहे.

पाहायला गेल्यावर नेमकं काय करायचं?

रेंजवरच भेटा, घरी नको. सोबत स्वतःचे पेलेट (शिशाच्या गोळ्या) न्या, वजन न्या, मोजपट्टी न्या, आणि वेळ ठेवा. अर्ध्या तासात पाहून होईल असं विकणारा म्हणाला तरी तुम्ही दोन तास मोकळे ठेवा.

आधी नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण दाखवणारी दोरी) घालून, सिलिंडर काढून, पिस्तूल नुसतं बघा. स्क्रूंची डोकी खाल्लेली आहेत का? खाल्लेली असतील तर चुकीच्या पान्यानं कुणीतरी आत शिरलेलं आहे. नंबर स्पष्ट आहे का? मागच्या साइटचे खटके एकेक मोजत फिरवा, मग तितकेच उलटे फिरवा. प्रत्येक खटका बोटाला जाणवला पाहिजे. साइट अंगठ्यानं दाबून हलते का पहा. मोकळी साइट म्हणजे रोज बदलणारा नेम, आणि मूल दोष स्वतःला देत बसतं.

मग ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबणं. वीस-पंचवीस वेळा, कान देऊन. आवाज एकसारखा यायला हवा.

मग गोळ्या. पहिल्या दहा हात मोकळा करायला. त्यानंतर मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवून दहा गोळ्या एकाच टार्गेटवर मारा. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. चांगल्या पिस्तुलाच्या दहाही गोळ्या, टेकवून मारल्या तर, तेवढ्या जागेत एकाच फाटक्या भोकात पडतात. गट टार्गेटच्या मध्यावर नसला तरी चालेल, साइट फिरवता येते. गट सुटा नसावा. सुटला तर पेलेट बदलून पुन्हा मारा. काही नळ्यांना ४.४९ मिलिमीटर डोक्याची गोळी आवडते, काहींना ४.५० ची. दोन-तीन डब्यांनंतरही सुटत असेल तर थांबा.

क्लबकडे वेग मोजायचं यंत्र असेल तर दहा गोळ्यांचा वेग घ्या. दोन-तीन मीटरच्या आत फरक असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) आणि व्हॉल्व्ह नीट आहेत. पंधरा-वीसचा फरक आला तर सर्व्हिसचा खर्च किमतीतून वजा.

यानंतर मुलाला मारू द्या, मॅचइतक्या पूर्ण साठ गोळ्या. सिलिंडर भरून सुरुवात करा आणि शेवटी काटा वाचा. मॅचमध्ये सरावाच्या गोळ्या धरून ऐंशीच्या वर सहज जातात. त्या एका भरण्यात निघाल्याच पाहिजेत. चाळिसाव्या गोळीनंतर मुलाचा खांदा उतरू लागला, पिस्तूल पुढून जड वाटू लागलं, तर तेही आजच कळलेलं बरं. पिस्तूल निर्दोष असेल आणि तरी या मुलासाठी ते आत्ता नसेल.

नळीला गंज आहे. घ्यावं का?

बाहेरून डाग असेल तर हरकत नाही. आत असेल तर नाही. नळी पुसायच्या फेल्टच्या दोन गोळ्या नळीतून काढा. करडा शिशाचा रंग आला तर ठीक, तांबूस आला तर नको.

आपल्याकडे या गंजाचं मोठं कारण कूलर. उन्हाळ्यात घराघरात वाळ्याचा ओला वारा फिरतो, आणि पिस्तुलाची पेटी बरोब्बर त्या वाऱ्यात, पलंगाखाली असते. विकणाऱ्याला सहज विचारा, "दादा, हे ठेवता कुठे?" उत्तरावरून पुष्कळ कळतं.

किंमत कशी ठरवायची?

मी आकडा देत नाही, कारण युरोचा भाव आणि आयातीचे नियम बदलले की तो खोटा पडतो. रीत देतो. त्याच आठवड्यात त्याच मॉडेलच्या नव्या पिस्तुलाची किंमत विक्रेत्याकडून लेखी घ्या. सोबत नवा सिलिंडर, सील किट आणि तुमच्या मापाची ग्रिप, यांच्या किमतीही घ्या. आता वापरलेल्या पिस्तुलाची मागितलेली किंमत मांडा, तिच्यात जे जे बदलावं लागणार ते मिळवा. बेरीज नव्याच्या दोन-तृतीयांशावर गेली तर मी घेत नाही. नव्याबरोबर दहा वर्षं मुदतीचा ताजा सिलिंडर आणि वॉरंटी येते, ती किंमत मोठी आहे.

दोन सिलिंडर, दोन्हींची पाच-सहा वर्षं बाकी, मूळ पेटी, कारखान्याचं चाचणीचं टार्गेट, सर्व्हिसच्या पावत्या, असं सगळं असेल तर फार घासाघीस करू नका. जपून वापरणाऱ्या माणसाला त्याचे पैसे मिळू द्या.

कागद कोणते घ्यायचे?

मूळ बिल. आयातीचे कागद, असतील ते सगळे. काही पिस्तुलं खेळाडूंच्या सवलतीखाली आलेली असतात, त्या कागदावर पुढच्या विक्रीबद्दल अट लिहिलेली आहे का ते स्वतः वाचा. मग विक्रीचा साधा कागद: दोघांची नावं-पत्ते, मॉडेल, पिस्तुलाचा नंबर, सिलिंडरचे नंबर आणि तारखा, रक्कम, दिनांक, सह्या. दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडा. पैसे बँकेतून द्या. त्याची एक प्रत पेटीतच ठेवा. स्पर्धेला रेल्वेनं जाताना तपासणीत पेटी उघडायला लावली, तर तो कागद आणि क्लबचं ओळखपत्र यांनी काम होतं. पिस्तुलाचा आकार पाहून कुणीही दचकतो, त्यात तपासणाऱ्याची चूक नाही.

दिल्लीहून किंवा केरळहून कुरिअरनं मागवू का?

न पाहता नाही. तिथला ओळखीचा शूटर तपासून देणार असेल आणि राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्यक्ष हाती देणार असेल, तर थांबून घ्या. नॅशनलच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा ग. वा. मावळंकरांच्या नावानं भरते. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी करणारे तेच, लोकसभेचे पहिले सभापती. देशभरातले शूटर तिथे येतात. चार महिने थांबल्यानं मुलाचं काही बिघडत नाही, क्लबचं पिस्तूल आहेच.

हवा कुठे भरायची?

घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारणारे कमी, घेतल्यावर सगळेच विचारतात. तीन मार्ग आहेत: क्लबचा कॉम्प्रेसर, मोठा भरण सिलिंडर किंवा हातपंप. हातपंप स्वस्त आहे, पण मारायच्या आधी दंड दुखवून घेऊ नका, आदल्या दिवशी भरा, आणि ओल धरणारा फिल्टर लावल्याशिवाय पावसाळ्यात पंप मारूच नका. मोठा सिलिंडर घेणार असाल तर त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) वेळेत झालेली आहे ना ते पाहा. देशभरातल्या अशा सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, तेव्हा निदान नागपूरकरानं तरी याबाबत हयगय करू नये.

भरायचा अॅडॉप्टर व्यवहारात मागून घ्या. तो राहून जातो आणि मग महिनाभर पिस्तूल रिकामं पडून राहतं. सीलला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. साधं मशीन ऑइल उच्च दाबाच्या हवेत पेट घेऊ शकतं.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

२०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले, २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर उतरला. युरोपात बसून पिस्तूल बनवणाऱ्यानं एवढा फरक रोजच्या वापरात धरलेला नसणार. मे महिन्यात बंद गाडीच्या आत पासष्ट अंश सहज होतात. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर तिथे २२७ च्या आसपास जातो. शाळेतून थेट रेंजला जाताना गाडीत पेटी ठेवून कुल्फी खायला उतरू नका, पेटी सोबत घ्या. उन्हाळ्यात १८० बारच्या वर भरू नका.

धुळीचं तर विचारूच नका. वर्धा रोडकडून येणाऱ्या मुलांच्या पेटीत मी मुठीनं माती काढली आहे. पेटीतल्या फोमला दर पंधरा दिवसांनी झटका.

सुरुवातीला दर गोळीला हातानं एकदाच हवा दाबायचं जुनं पिस्तूल चालेल का?

बैकालचं आयझेडएच ४६ एम नीट अवस्थेत मिळालं तर आनंदानं घ्या. सिलिंडर नाही, तारीख नाही, हवा भरायची कटकट नाही. अचूकता मॅचच्या तोडीची. अडचण एवढीच की दर गोळीला दांडा ओढावा लागतो. साठ गोळ्या आणि सराव मिळून ऐंशी-नव्वद वेळा ओढून बारा वर्षांच्या मुलाचा हात थरथरू लागतो. मोठ्या माणसाला, घरच्या सरावाला उत्तम.

घेऊन आलो. आता पहिलं काय करू?

सील बदलून घ्या, चालत असली तरी. आधीच्या माणसानं शेवटची कधी बदलली हे त्यालाही आठवत नसतं. पेटीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: सील बदलल्याची तारीख, सिलिंडर संपायची तारीख, ट्रिगरचं तपासलेलं वजन. पहिले दोन आठवडे साइटला हात लावू देऊ नका, नाहीतर मूल रोज खटके फिरवत राहील. पांढऱ्या कोऱ्या कागदावर, टार्गेटशिवाय, रोज पन्नास गोळ्या मारू द्या, म्हणजे हात आणि ग्रिप यांची ओळख होईल. तिसऱ्या आठवड्यात टार्गेट लावा, मी तेव्हाच साइट फिरवायला देतो.